जप्ती आणि घरातली भांडीकुंडी

जप्तीचा बेलिफ दारात उभा राहिला म्हणजे घरातली बाई प्रथम कोणती गोष्ट करीत असेल, तर ती गळ्यातले मंगळसूत्र पदराखाली झाकते. घरचा कर्ता पुरुष मागच्या दाराने बैल सोडतो आणि भावकीतल्या कुणाच्या गोठ्यात नेऊन बांधतो. ह्या दोन्ही रीती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत, आणि दोन्ही अनावश्यक आहेत. धर्मरूढीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळा करू नये असा दागिना जप्त करण्याची मुभा दिवाणी न्यायालयासही नाही, आणि शेती चालविण्यास जे बैल खरोखर लागतात त्यांनाही कायद्याने हात लावू दिलेला नाही. उलट ते बैल रातोरात दुसरीकडे नेऊन बांधले, तर माणूस मालमत्ता दडवितो आहे अशा संशयास जागा होते, आणि तो संशय त्यास पुढे जड जातो.

मुळशी तालुक्यातील श्रोत्यांपुढे हा विषय मांडण्याचे आम्ही ठरविले, तेव्हा एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले, “वसंत ऋतूत जप्तीची कथा कशाला?” त्यांना आम्ही एवढेच सांगितले की, वसंतातल्या व्याख्यानांचे आणि कर्जाचे नाते जुने आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेस आरंभ केला तो १८७५ साली. त्या वेळी ते पुण्यास सबजज्ज होते, म्हणजे कर्जाचे दावे रोजच त्यांच्यापुढे येत असत. त्याच वर्षी १२ मे रोजी, ह्याच पुणे जिल्ह्यात, भीमथडी तालुक्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. पुढे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत हे लोण पसरले. इतिहासात ह्यास दख्खनचे दंगे म्हणतात. दंगे म्हटले म्हणजे रक्तपात डोळ्यांपुढे येतो. पण ह्या लोकांस हवे होते ते सावकाराच्या पेटीतले कागद. कर्जखते हाती लागली की त्यांची होळी करावयाची. सावकाराने ती मुकाट्याने काढून दिली, तर त्याच्या अंगाला बहुधा कोणी हात लावीत नसे.

ह्या प्रकरणाची ठिणगी मात्र एका घरावरून पडली. शिरूर तालुक्यातील करडे गावी डिसेंबर १८७४ मध्ये काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख ह्या ऋणकोवर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळविला आणि त्याचे राहते घर पाडावयास घेतले. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. दुकानात जाऊ नये, शेत कसू नये, न्हाव्याने दाढी करू नये, असे ठरले. वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. काळूरामाने घर पाडले ते चोरी करून नव्हे. त्याच्या हाती न्यायालयाचा कागद होता. त्या काळी लागू असलेल्या १८५९ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत जमीन, घर, माल, पैसा आणि ऋणकोची दुसरी कोणतीही मालमत्ता जप्तीस पात्र धरलेली होती. शब्द असे सरसकट होते की त्यांत घराचे आढेही आले आणि नांगरही आला.

करड्याच्या त्या घरानंतर तीनच वर्षांनी, १८७७ साली, नवी संहिता आली. तीत जप्त करावयाच्या नाहीत अशा गोष्टींची यादी आहे: आवश्यक कपडे, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतीची अवजारे, गरजेपुरती गुरे, आणि शेतकऱ्याच्या राहत्या घराचे साहित्य. साहित्य म्हणजे लाकूड, कौले, दारे-खिडक्या. जे उपटून विकता येते ते. १९०८ च्या संहितेत ह्याच यादीचे कलम ६० झाले आणि नुसत्या साहित्याऐवजी शेतकऱ्याचे सबंध राहते घरच संरक्षणात आले. आज चालू असलेला कायदा तोच, वेळोवेळी दुरुस्त झालेला.

अशी यादी करण्याची कल्पना फार प्राचीन आहे. यहुदी लोकांच्या जुन्या धर्मशास्त्रात धान्य दळावयाचे जाते, किंवा त्याची वरची तळीही, कोणी गहाण घेऊ नये असा नियम आहे; गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर ते सूर्यास्तापूर्वी परत द्यावे असेही सांगितले आहे. इंग्लंडात तेराव्या शतकातच नांगराच्या गुरांस जप्तीत सवलत होती. अमेरिकेतील टेक्सास हे स्वतंत्र राष्ट्र असताना १८३९ साली तेथे कुटुंबाचे राहते घर कर्जासाठी विकू नये असा कायदा झाला. ह्या सगळ्यांमागे केवळ दया आहे असे आम्हांस वाटत नाही. ज्याचा नांगर विकला त्याच्याकडून पुढल्या वर्षी दमडीही वसूल व्हावयाची नाही, हा व्यवहारही त्यात आहे. तव्याच्या लिलावात धनकोस मिळतात शंभर रुपये; ऋणकोच्या घरची चूल मात्र बंद पडते.

आता कलम ६० मध्ये काय काय येते ते पाहू. ऋणको, त्याची पत्नी व मुले ह्यांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, खाटा-पलंग व अंथरुणे ह्यांस जप्ती लागत नाही. मंगळसूत्राचे वर सांगितलेच. कारागिराची हत्यारे सुटतात. म्हणजे सुताराचा रंधा, गवंड्याची थापी, न्हाव्याची पेटी. शेतकऱ्याची अवजारे सुटतात, आणि त्याचा चरितार्थ चालावा म्हणून न्यायालयास जितकी आवश्यक वाटतील तितकी गुरे व बी-बियाणे सुटतात. मुळशीकडील आंबेमोहोर लावणारा शेतकरी पुढल्या पेरणीसाठी भाताचे बी कणगीत राखून ठेवतो, ते ह्यात आले. विक्रीसाठी भरलेली पोती मात्र आली असे समजू नये. हिशेबाच्या वह्या सुटतात. शेतकरी, मजूर किंवा घरगडी ह्यांचे स्वतःचे राहते घर, त्याखालच्या व त्यास लागून असलेल्या आवश्यक जागेसह सुटते. मजूर व घरगडी हे शब्द तेथे १९७६ च्या दुरुस्तीने आले. त्या घराच्याच थकलेल्या भाड्याचा हुकूमनामा असेल तर ही सवलत नाही. सरकारी नोकराचे व इतरही मालकांकडून मिळणारे निवृत्तिवेतन, भविष्यनिर्वाह निधी, आयुर्विम्याच्या पॉलिसीखाली येणारी रक्कम, हेही सुटतात.

ह्या यादीत ‘आवश्यक’ हा शब्द वारंवार येतो, आणि सगळी भांडणे त्या एका शब्दावर होतात. पातेले आवश्यक, हे कोणीही मान्य करील. शीतकपाट आवश्यक काय? दूरदर्शन संच? हे संच आता वाडीवाडीत आहेत, तथापि भांडी व अंथरुणे ह्यांच्या जोडीस ते बसत नाहीत आणि जप्तीत जाऊ शकतात. शिंप्याचे शिवणयंत्र ही त्याची हत्यार म्हणून गणना होते. हौसेखातर घरात ठेवलेल्या यंत्रास तोच आधार मिळणार नाही. वस्तू तीच, पण ती कोणाच्या घरात कोणत्या कामी येते ह्यावर तिचे भवितव्य ठरते.

मुळशीकरांस सगळ्यांत अधिक विचार करावयास लावणारा शब्द आहे तो ‘शेतकरी’. सातबाऱ्यावर नाव असले म्हणजे माणूस ह्या कलमापुरता शेतकरी ठरत नाही. तो स्वतः जमीन कसणारा हवा, आणि त्याची उपजीविका मुख्यतः शेतीच्या उत्पन्नावर हवी. मग तो मालक असो, कूळ असो की शेतमजूर असो. स्वतः कसणे ह्यात घरच्या माणसांकडून किंवा मजुरी देऊन करविणेही धरले आहे. आता ह्या तालुक्याचे चित्र पाहावे. पिरंगुटास कारखाने, हिंजवडीस संगणकाच्या कंपन्या, धरणाच्या कडेने बंगले. एक भाऊ खाचर लावतो, दुसरा कारखान्यात जातो, तिसऱ्याने वाट्याची जमीन विकून मालमोटार घेतली आहे. तिघांचे घर एकाच वाड्यात, तरी तिघांच्या घरावर जप्ती आली तर तिघांस उत्तर निराळे द्यावे लागेल. पहिला शेतकरी म्हणून सुटेल. दुसरा मजूर म्हणून सुटू शकेल, कारण कायद्यातील मजूर ह्या शब्दात कुशल, अकुशल व अर्धकुशल असे सगळे कामगार येतात. तिसऱ्याविषयी आम्ही काही आश्वासन देऊ शकत नाही.

मजुराच्या मजुरीस तर पूर्ण संरक्षण आहे, आणि तीत बोनसही धरला आहे. पगारदारांचा हिशेब वेगळा. पगारातले पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन-तृतीयांश भाग सुटतो. म्हणजे सुटीचे भत्ते वगळून पगार बावीस हजार धरला, तर एक हजार बाजूस काढावे. राहिले एकवीस हजार. त्यांतले चौदा हजार सुटले. जप्त होऊ शकतात ते महिन्यास सात हजार. ही कपातही अमर्याद चालत नाही. एकाच हुकूमनाम्यापोटी एकंदर चोवीस महिने पगार जप्त झाला की त्या हुकूमनाम्यापुरती पगारावरची जप्ती कायमची संपते. पत्नी-मुलांच्या पोटगीचा हुकूमनामा असेल तर मात्र पगाराचा एक-तृतीयांशच सुटतो, आणि ते योग्यच आहे. एक हजाराचा हा आकडा २००२ पासून लागू आहे. त्यापूर्वी तो चारशे होता. आजच्या महागाईत एक हजार ही थट्टाच वाटते, परंतु कायदा बदलेपर्यंत हिशेब त्याच आकड्याने करावयाचा.

येथवर वाचून कोणास वाटेल की कर्जदाराचे मोठेच चांगले आहे. तसे नाही. शेतजमीन ह्या यादीत नाही, हे प्रथम लक्षात ठेवावे. खाचर जप्त होते आणि विकलेही जाते. दुसरे असे की, ही सगळी सवलत नुसत्या उसनवारीच्या कर्जास आहे. जी वस्तू आपण स्वतःच्या सहीने तारण दिली, तिच्यावर धनकोचा हक्क सहीमुळेच बसलेला असतो. सोने पेढीत ठेवून पैसे काढले, ट्रॅक्टर कर्जाने घेऊन तो त्याच कर्जास तारण लिहून दिला, घर गहाण टाकले, म्हणजे मग ‘हे माझे अवजार’, ‘हे माझे राहते घर’ असे सांगून फारसा उपयोग होत नाही. बँकांना न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार देणारा कायदा २००२ साली झाला. कलम ६० प्रमाणे सुटणारी मालमत्ता त्यानेही वगळली आहे, पण त्या कर्जास खास तारण दिलेली वस्तू सोडून. शेतजमिनीवरचे तारण मात्र त्या कायद्याने सर्वस्वी बाहेर ठेवले आहे.

कायद्याने दिलेले आपल्याच सहीने कसे जाते, ह्याचे उदाहरण ह्याच जिल्ह्यात घडलेले आहे. दंग्यांनंतर १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा खास कायदा झाला. त्याने शेतकऱ्यास कर्जापायी तुरुंगात टाकण्याचे बंद केले. न्यायाधीशास कर्जखताच्या मागे जाऊन मुळापासून हिशेब तपासण्याचा अधिकार दिला. आणि जमीन खास गहाण दिलेली नसेल तर ती जप्त करू नये असे ठरविले. रानडे पुढे ह्याच कायद्याखाली खास न्यायाधीश होते आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून हिंडून ह्या दाव्यांचे काम तपाशीत. कायदा चांगला होता. सावकारांनी त्यातून वाट काढली ती साधीच. जमीन जप्त होत नाही काय? मग गहाण लिहून घ्या. गहाणाचा हिशेब न्यायाधीश उकरून काढतो काय? मग सरळ खरेदीखत लिहून घ्या, आणि ‘पैसे फेडलेस की जमीन परत’ अशी तोंडी बोली करा. अडलेला शेतकरी अंगठा उठवी. जमीन तो पूर्वीप्रमाणेच कसत राही, म्हणून काही बदलले असे त्यास वाटत नसे. कागदोपत्री मात्र तो कूळ झालेला असे.

ह्याचा अनुभव मुळशीस आला तो १९२१ साली. नीळा व मुळा नद्यांच्या खोऱ्यात टाटांच्या धरणास विरोध म्हणून त्या वर्षी रामनवमीस, १६ एप्रिल रोजी, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे ह्यांची नावे त्या लढ्याशी कायमची जोडली गेली आहेत, आणि ‘जान किंवा जमीन’ ही त्याची घोषणा होती. ह्या खोऱ्यातील पुष्कळ जमिनीवर कागदोपत्री नाव होते ते पुण्यातील सावकार-जमीनदारांचे. त्यांस नुकसानभरपाई पुरत होती. कसणाऱ्या मावळ्यास भरपाईत गोडी नव्हती, कारण ती त्याच्या हाती यावयाचीच नव्हती. सत्याग्रह मोडला त्याची कारणे अनेक आहेत. त्यांत हे एक होते. बुडालेल्या खाचरांपैकी कितीतरी पाण्याखाली जाण्याच्या आधीच अंगठ्याच्या शाईत बुडालेली होती.

खरेदीखताच्या नावाखाली चालणाऱ्या ह्या सावकारीस आता थोडा तरी उतारा आहे. महाराष्ट्रात २०१४ साली सावकारीचा नवा कायदा झाला. सावकारीच्या व्यवहारात अशी जमीन गेली असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो, आणि चौकशीत तसे आढळले तर ती परत देण्याचा हुकूम तो काढू शकतो. शिवाय कलम ६० ची सवलत मी सोडतो, असे कर्जाच्या कागदावर लिहून घेतले असले तर तो करार रद्दबातल आहे. १९७६ पासून संहितेतच तसे म्हटले आहे. म्हणून तसल्या वाक्याखाली सही झाली असेल तर घाबरून जाण्याचे कारण नाही. तारणाच्या वाक्याखालची सही ही वेगळी गोष्ट. दोन्ही वाक्ये एकाच छापील फॉर्मात, एकाच बारीक अक्षरात असतात, म्हणून हा भेद इतका लांबवून सांगितला.

व्याख्यान संपल्यावर एक बाई आमच्याकडे आल्या. वय पन्नाशीचे, सोबत लहान नात. बचत गटातल्या बायकांबरोबर त्यांनी एका खासगी कंपनीचे कर्ज घेतले होते, दोन हप्ते थकले होते. कंपनीची दोन माणसे संध्याकाळी सातनंतर घरी आली, दारात मोठ्याने बोलली, आणि जाताना गॅसची शेगडी, मिक्सर व तांदळाचे एक पोते मोटारसायकलवर घालून घेऊन गेली. “जप्ती झाली हो दादा आमच्यावर,” असे त्या म्हणाल्या. आम्ही विचारले, “कागद दाखविला का?” त्या म्हणाल्या, “वही दाखवली.”

ही जप्ती नव्हे. जप्ती करतो तो न्यायालयाचा बेलिफ, आणि त्याच्या हाती न्यायालयाच्या शिक्क्याचे वॉरंट असते. तो सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घरात शिरू शकत नाही. पडदा पाळणारी स्त्री आतल्या खोलीत असेल तर तिला बाहेर पडण्यास वेळ व सोय देणे त्यास भाग आहे. जे नेले त्याची यादी होते. सहकारी पतसंस्थेचा वसुली अधिकारीही येऊ शकतो, पण त्याच्याजवळ सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला असावा लागतो आणि आधी मागणीची नोटीस आलेली असावी लागते. (पतसंस्थेच्या कर्जास जामीन राहिलेल्यांनीही हे वाचावे, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, ती त्याच्या मागून नव्हे.) कंपनीच्या वसुली करणाऱ्या माणसास असा कोणताच अधिकार नाही. त्याने मागणी करावी, विनंती करावी. वस्तू उचलणे हा फौजदारी गुन्ह्याचा विषय होतो. बचत गटांसारख्या लहान कर्जांस तारणच घ्यावयाचे नाही, आणि वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी व संध्याकाळी सहानंतर कर्जदारास फोन करावयाचा नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली सांगितले आहे. सातनंतर दारात आरडाओरडा करून शेगडी उचलून नेणे त्यात कोठे बसेल?

खरी जप्ती आली तर काय करावे, हेही सांगितले पाहिजे. बेलिफाशी भांडू नये. तो हुकमाचा ताबेदार असतो. सुटणाऱ्या वस्तू कोणत्या ते त्यास शांतपणे सांगावे आणि यादीत तशी नोंद करण्यास सांगावे. तरी त्याने नेल्याच, तर ज्या न्यायालयात दरखास्त चालू असेल तेथे, मुळशी तालुक्यात बहुधा पौडास, तत्काळ लेखी हरकत द्यावी. ऋणकोनेच हरकत घ्यावयाची असते. न्यायाधीश आपण होऊन घरातली भांडी मोजावयास येत नाही. नेलेली वस्तू भावाची किंवा सुनेच्या माहेरची असेल तर त्या भावाने, त्या सुनेने स्वतःच्या नावाने हरकत द्यावयाची, आणि पावती असेल तर ती जोडावयाची. उशीर मात्र करू नये. लिलाव पुरा झाल्यावर अशी हरकत ऐकली जात नाही. वकिलाच्या खर्चाची अडचण स्त्रियांस, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांस व इतर काही वर्गांस नसावी. १९८७ च्या कायद्याने त्यांस मोफत विधिसाहाय्य मिळते, आणि तालुका विधी सेवा समितीचे काम तालुक्याच्या न्यायालयातूनच चालते.

कर्ज बुडवावे असे आम्ही कोणास सांगत नाही. घेतलेले पैसे फेडले पाहिजेत. त्या बाईंनीही तसे म्हटले नव्हते. हप्ते देऊ, पण शेगडी द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आम्ही त्यांस पोलिसांत द्यावयाचा अर्ज तेथेच, मंडपातल्या टेबलावर बसून लिहून दिला. वस्तूंची यादी त्यांनी सांगितली ती अशी: शेगडी एक, मिक्सर एक, तांदूळ पन्नास किलो. मग थोडे थांबून त्यांनी पोत्यावर ठेवलेली पितळी पायलीही लिहावयास सांगितली. ती मोटारसायकलवर पोत्याबरोबरच गेली होती.